कोण, कशासाठी, आणि येते का? : शस्त्रपरवान्याच्या इतिहासाविषयी

आमच्यापैकी एकाच्या मूळ घरी, दक्षिण कोकणातल्या एका वाडीत, देवघरालगतच्या भिंतीतल्या कपाटात हातात मावेल एवढे एक पुस्तक आहे. बांधणी कापडी, आतली पाने शिक्क्यांनी भरलेली. घरात त्याला 'लायसन' म्हणतात. आजोबांच्या नावावर असलेला, शेतसंरक्षणासाठी दिलेल्या ठासणीच्या बंदुकीचा तो परवाना. आजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव, बंदुकीचे वर्णन, बंदूक कशासाठी हवी त्याचे कारण, आणि मग वर्षानुवर्षांची नूतनीकरणे. वानर आणि रानडुकरे यांना आवाजाने पळवून लावणे एवढेच त्या बंदुकीचे काम होते. निवडणूक आली की ती पोलिसठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की पावती दाखवून परत यायची.

१९७० च्या आसपास एका संध्याकाळी मधल्या काकांनी, आदल्या दिवशी ठासून ठेवलेली ती बंदूक रिकामीच आहे असे समजून, पुन्हा दारू भरून ठासली. बार काढला तेव्हा नळी फाटली. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. घरात या प्रसंगाविषयी बोलताना सगळे 'नशीब, जीव वाचला' एवढेच म्हणत. आम्ही पुढे कधीतरी ते पुस्तक उघडून पाहिले तेव्हा आमच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. शासनाने आजोबांना विचारले होते : तुम्ही कोण? आणि विचारले होते : बंदूक कशासाठी? ती चालवता येते का, हे मात्र कुठल्याच पानावर कोणी विचारले नव्हते. काकांना तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण परवान्यावर त्यांचे नावच नव्हते.

प्रस्तुत लेख या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे. भारतात शस्त्रपरवान्याचा इतिहास म्हणजे राज्यकर्त्यांनी नागरिकाला कोणता प्रश्न विचारायचा याचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. आणि 'येते का' हा प्रश्न नियमांत स्पष्ट शब्दांत यायला २०१६ साल उजाडावे लागले. मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल.

आधी शब्दांकडे पाहू. 'हत्यार' तेवढे आपले. बाकी या विषयाचा शब्दसंग्रह बहुतेक बाहेरून आलेला. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' पोर्तुगिजांकडून आले. 'परवाना' फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ हुकूमनामा. परवानगी मागणाऱ्यापेक्षा ती देणाऱ्याकडे पाहणारा हा शब्द आहे. आणि 'शिलेदार' म्हणजे मुळात 'सिलाहदार', शस्त्र बाळगणारा. मराठेशाहीच्या फौजेत ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि ज्याचे स्वतःचे असे तो शिलेदार. शाळेत आपण हा भेद पगाराच्या हिशेबापुरता शिकतो. पण त्यात एक नाते दडलेले आहे. शिलेदाराचे हत्यार त्याच्या मालकीचे, त्याची निगा त्याच्याकडे, ते चालवण्याचे कसबही त्याचेच, आणि या सगळ्याच्या बदल्यात त्याला पत. खासगी मालकी, शिक्षण आणि सार्वजनिक जबाबदारी या तीन गोष्टी एका शब्दात बांधलेल्या होत्या.

येथे भाबडेपणा नको. तो काळ सर्वांना शस्त्रे देणारा सुवर्णकाळ नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये या देशातल्या खालच्या वर्गांनी बंड का केले नाही याचे उत्तर शोधताना नेमके यावरच बोट ठेवले आहे : चातुर्वर्ण्याने त्यांना शस्त्रही धरू दिले नाही आणि शिक्षणही घेऊ दिले नाही, म्हणून ते कायमचे नांगराला जुंपलेले राहिले. इंग्रजांनी देश निःशस्त्र केला ही तक्रार आपण पुढे ऐकणार आहोत. त्या आधीच निःशस्त्र असलेले लोक या देशात होते, हे ती ऐकताना विसरून चालणार नाही.

निःशस्त्रीकरणाचा पहिला मोठा घाव १८५७ च्या उठावाबरोबर आला. त्याची एक कथा मराठी मुलखाच्या अगदी सीमेवर घडली, आणि आश्चर्य म्हणजे मराठी वाचकाला ती फारशी ठाऊक नसते. हलगली हे गाव मुधोळच्या घोरपडे संस्थानातले. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या बेरडांना हुकूम आला की हत्यारे नोंदवा आणि स्वाधीन करा. ज्यांचा पिढीजात व्यवसायच राखण आणि शिकार, त्यांना हा हुकूम म्हणजे हात तोडून द्या असे सांगण्यासारखा होता. त्यांनी नकार दिला. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस इंग्रज फौज गावावर चालून गेली, गाव जाळले गेले, आणि पकडलेल्यांपैकी एकोणीस जणांना पुढे फाशी देण्यात आली.

या घटनेवर कन्नडमध्ये एक लावणी आहे. इंग्रज अधिकारी आणि कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी ती इतर कन्नड लावण्यांबरोबर मिळवून 'इंडियन अँटिक्वरी'त छापली. कर्नाटकातल्या विद्यार्थ्यांना ती पाठ्यपुस्तकातून भेटते. लढाईच्या वर्णनाइतकीच ती लुटीच्या वर्णनासाठी लक्षात राहते. कवी राजांची नावे घेत बसत नाही. लुटारूंनी काय काय नेले याची तो यादी देतो, आणि त्या यादीत कुऱ्हाडी, शेतीची लोखंडी अवजारे, दही, लोणी असल्या वस्तू येतात. हत्यारे काढून घ्यायला आलेले लोक लोणीसुद्धा घेऊन गेले! लोककवीने इथे कायद्यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही, आणि तरीही हत्यार आणि अवजार यांतली सीमा कोण ठरवणार हा प्रश्न त्या यादीतून ऐकणाऱ्यासमोर उभा राहतो. कोणत्याही कायदेपंडिताला हे इतक्या थोडक्यात साधलेले आम्ही वाचलेले नाही. (योगायोग असा की मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती याच १८५७ सालची. एकीकडे भाषेतली हत्यारे मोजून ठेवली जात होती, दुसरीकडे घरातली.)

त्यानंतरचे १८६० हे साल आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षी दोन कायदे झाले. पहिला सर्वांना माहीत असलेला, भारतीय दंडसंहितेचा. तिचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्येच तयार केला होता, आणि त्यात 'खाजगी संरक्षणाचा हक्क' मुद्दाम उदार ठेवला होता. या देशाचे लोक अन्याय मुकाट्याने सोसतात, त्यांच्यात प्रतिकाराची हिंमत जागवायला हवी, अशी त्यामागची मेकॉलेची भूमिका. तिच्यातला वरून बोलण्याचा सूर सोडला, तरी हक्क खरा होता : स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करताना केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. दुसरा कायदा त्याच वर्षीचा एकतिसावा. शस्त्रे बनवणे, आणणे, विकणे, बाळगणे यांवर नियंत्रण घालणारा आणि एखाद्या प्रदेशाचे प्रदेश निःशस्त्र करण्याचा अधिकार सरकारला देणारा. एकाच विधिमंडळाने एकाच वर्षात स्वतःला वाचवण्याचा हक्क दिला आणि त्याचे साधन सरकारच्या मर्जीवर ठेवले.

मग १८७८. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतले हे वर्ष आपण वाङ्मयाचे लोक देशी वृत्तपत्रांच्या कायद्यासाठी लक्षात ठेवतो. त्याच वर्षीचा अकरावा कायदा म्हणजे हत्यारांचा कायदा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की त्यांची घडण एकच असल्याचे दिसते. मराठी, बंगाली पत्रांच्या मुद्रकाकडून जामीनकतबा घ्यायचा. इंग्रजी पत्राला मोकळीक. भारतीयाने परवाना घ्यायचा. युरोपियनाला तो लागत नाही. एका कायद्यात सूट भाषेला, दुसऱ्यात वंशाला. 'अमृत बझार पत्रिके'ने रातोरात इंग्रजीत उडी मारून पहिल्या कायद्याला चकवले ही गोष्ट प्रसिद्धच आहे. दुसऱ्याला चकवण्यासाठी मात्र कातडी बदलावी लागली असती. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या काळात गेला. हत्यारांचा कायदा पुढे ऐंशीहून अधिक वर्षे टिकला.

या कायद्याच्या सूटयादीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. युरोपियनांखेरीज काही भारतीयही सूट मिळवत : संस्थानिक, विधिमंडळाचे सभासद, बड्या पदव्यांचे मानकरी. म्हणजे सुटीचा निकष राजनिष्ठा आणि प्रतिष्ठा. ज्याला सूट नाही त्यानेही परवाना मिळवायचा तर साहेबाच्या दृष्टीने 'भला माणूस' असावे लागे. परिणामी बंदूक ही शेतावरच्या कामाची वस्तू न राहता दिवाणखान्यातल्या भिंतीवरचे मानचिन्ह झाली. आजही उत्तरेत लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारा मनुष्य याच सूटयादीचा दूरचा वारस आहे, असे आम्ही म्हणतो. हर्षाच्या अशा गोळीबाराने दुसऱ्याचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत करावी लागली. वंशाधारित भेद १९२० च्या नियमांनी काढला. प्रतिष्ठेची सवय कोणत्याही नियमाने जात नाही. त्या जुन्या सुटींपैकी एक मात्र वेगळ्या कारणाने टिकून आहे : कोडगू जिल्ह्यातल्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना आजही बंदुकीसाठी परवान्यातून सूट आहे, २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. आपल्या खंडेनवमीसारखी त्यांची कैलपोळ्द ही शस्त्रपूजा असते, पण तिथे पूजेतली बंदूक घरोघरची असते.

काँग्रेसने हा विषय फार लवकर हाती घेतला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात हत्यारांच्या कायद्यावर ठराव आला, आणि बिपिनचंद्र पाल यांचे नाव त्या चर्चेतून गाजले. ठरावाची भाषा पाहण्याजोगी आहे : लोकांची राजनिष्ठा लक्षात घेता हा कायदा त्रासदायक आणि विनाकारण कलंक लावणारा आहे. कलंक! मुद्दा संरक्षणाइतकाच अब्रूचा होता. गांधीजींनी १९१८ मध्ये खेड्यांतून सैन्यभरती करताना हाच सूर आणखी कडक केला. साऱ्या राष्ट्राची शस्त्रे हिरावणारा कायदा हे इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य म्हणून इतिहास नोंदवील, असे त्यांनी तेव्हाच्या पत्रकात लिहिले आणि पुढे आत्मकथेतही तो प्रसंग सांगितला. अहिंसेचा पुरस्कर्ता हे कसे म्हणतो, असा प्रश्न आमचे विद्यार्थी दर वर्षी विचारतात. त्याचे उत्तर सरळ आहे. ज्याच्याकडे शस्त्र असूच शकत नाही त्याने ते न उचलणे ही अहिंसा होत नाही.

जानेवारी १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या तोंडावर, गांधीजींनी आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर आपल्याला आठवतो. दारूबंदी, जमीनमहसूल, रुपयाचा दर आठवतो. शेवटची मागणी फारशी कोणी सांगत नाही : स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, मात्र ते लोकनियंत्रणाखाली असावेत. हे शेवटचे शब्द आम्हांस मोलाचे वाटतात. गांधीजी परवाना रद्द करा म्हणत नव्हते. परवाना देणारा कोण असावा हे बदला, म्हणत होते. पुढच्या वर्षी कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला, तोही त्यासंबंधीच्या नियमांच्या अधीन राहून.

आता मराठीकडे वळू, कारण इथेच आमची मुख्य तक्रार आहे. या साऱ्या काळात मराठी मनातली बंदूक कुठली होती? २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीचा 'संगीत शारदा' चा प्रयोग होता. बदलून चाललेले कलेक्टर जॅक्सन पाहुणे म्हणून आले असता अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आलेल्या साठ्यातले होते, आणि त्या साठ्यासाठी सावरकरांवर खटला झाला. जरठ-बाला विवाहावरचे सामाजिक नाटक मंचावर, आणि प्रेक्षागृहात ब्राउनिंग. मराठी नाटकाच्या इतिहासात यापेक्षा विलक्षण रात्र नसेल. तेव्हापासून आपल्या लेखनात पिस्तूल आले की ते एक तर हुतात्म्याच्या हातात असते, नाही तर खुन्याच्या. लिहिणारा कोणत्या बाजूचा आहे यावर ते ठरते. ३० जानेवारी १९४८ नंतर तर हे दोन हात एकमेकांत इतके गुंतले की विषयच बोलण्याजोगा राहिला नाही. ग्वाल्हेरहून मिळवलेले ते बेरेटा पिस्तूलही बिनपरवान्याचे होते, आणि ते झाडणारा मराठी वृत्तपत्राचा संपादक होता. तिसरा माणूस, म्हणजे परवाना काढून, शिकून, हत्यार कुलपात ठेवून भीतभीतच झोपणारा साधा गृहस्थ, आपल्या कथा-कादंबऱ्यांत जवळजवळ नाहीच. ग्रामीण साहित्यात ठासणीची बंदूक शिकारीच्या निमित्ताने येते, पण शिकारकथेचा नायक सहसा नेम चुकत नाही आणि त्याची नळी कधी फाटत नाही.

गांधीहत्येनंतर दहाच महिन्यांनी, डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीस, संविधानसभेत स्वातंत्र्याच्या हक्कांचे कलम चर्चेला आले. हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात घालावा अशी दुरुस्ती मांडली. आधार कराचीच्या ठरावाचा. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांच्या उत्तराचा आशय असा : ब्रिटिश काळात ही मागणी का झाली हे समजण्यासारखे आहे, पण कोणाही व्यक्तीला बाजारात जाऊन हवे ते हल्ल्याचे साधन विनाअडथळा विकत घेण्याचा हक्क असेल तर राज्य चालणार कसे? आणि हक्कापेक्षा आपण शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा आग्रह धरावा. संकटात राज्य नागरिकाला हाक देऊ शकते, तशी सोय मसुद्यात आहे.

ज्याने १९३६ मध्ये निःशस्त्रतेला दास्याचे कारण म्हटले तोच १९४८ मध्ये शस्त्राचा मूलभूत हक्क नाकारतो, यात विसंगती आहे काय? आमच्या मते नाही, पण हे आम्ही घाईने म्हणत नाही. आंबेडकरांचा आक्षेप शस्त्रबंदी जन्मावरून ठरण्याला होता. सर्वांना विनाअट शस्त्र या सूत्राचा फायदा ज्यांच्याकडे आधीच जमीन, पैसा आणि गावकीचे बळ आहे त्यांनाच होणार, हे ज्याने गाव पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. (शेवटचे वाक्य आमचे अनुमान आहे, त्यांनी त्या दिवशी असे म्हटले नाही.) हक्क संविधानात गेला नाही, प्रश्न कायद्याकडे राहिला, म्हणजे परवान्याकडे.

कायदा मात्र १९५९ पर्यंत लिटनचाच होता. नव्या कायद्याच्या उद्देशपत्रिकेने जुन्याचा हेतू राष्ट्र निःशस्त्र करण्याचा होता हे मान्य केले. त्यातले चौदावे कलम आम्ही वर्गात मुद्दाम वाचून दाखवतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. एवढ्या लहान वाक्यात सूटयादीचे सारे शतक पुसून टाकले आहे. नकार द्यायचा तर कारणे लेखी नोंदवायची, नकाराविरुद्ध अपील करता येते, आणि पिकाच्या खऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. आजोबांचे पुस्तक या तरतुदीचे अपत्य. हा कायदा अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. वीसच दिवसांनी चीनने आक्रमण केले, आणि मग काही वर्षे महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक प्राध्यापकांनी आयुष्यात एकदाच बंदूक हाती धरली ती तेव्हाच, पॉइंट टू टू रायफल, मैदानावर पालथे पडून.

'येते का' हा प्रश्न कायद्याबाहेर आधीच विचारला गेला होता, आणि तो विचारणारा मनुष्य अनपेक्षित आहे. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याच्या घराण्यातले, अहमदाबादेत स्थायिक झालेले गांधीवादी, यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही भरते. गांधीटोपीचा मनुष्य रायफल संघटना काढतो हे ज्यांना विचित्र वाटते त्यांनी १९३० ची अकरावी मागणी पुन्हा वाचावी. आज कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवतो तेव्हा आपण ते क्रीडापानावर वाचतो. पण नेमबाजीच्या मैदानावर नेमाच्या आधी जे शिकवले जाते ते क्रीडेपुरते नाही. हाती आलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे माना. नळी कोणावरही रोखू नका. नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर. आणि नेमापलीकडे काय आहे ते पाहा. काकांनी यांतली पहिली गोष्ट ऐकली असती तर त्यांची बोटे शाबूत राहिली असती.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी हे कागदावर आणले. वैयक्तिक परवाना मागणाऱ्याने शस्त्र व दारूगोळा सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र जोडायचे. त्यात सुरक्षित हाताळणी, साठवण व वाहतूक, गोळी झाडण्याचे तंत्र, शस्त्राची निगा, आणि कायद्याची माहिती. घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमीही द्यायची. पुढे २०१९ मध्ये एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. आम्ही प्रमाणपत्रे वाटण्याच्याच धंद्यातले असल्याने प्रमाणपत्र आणि शिक्षण यांतले अंतर आम्हांला कोणी सांगायला नको. तरीही प्रश्न विचारला गेला, हे आम्ही लहान मानत नाही.

तुलनेसाठी २०१४ चे 'निर्भीक' आठवावे. दिल्लीच्या अत्याचारानंतर कानपूरच्या आयुध निर्माणीने खास स्त्रियांसाठी म्हणून काढलेले हे रिव्हॉल्व्हर. वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. नाव 'निर्भया'वरून घडवलेले. विशेषण नपुंसकलिंगी करून वस्तूला चिकटवले की भीती वस्तूकडे सोपवता येते, असा काहीसा तो भाषिक व्यवहार होता. ते परवडणार कोणाला, आणि पर्समधून काढून चालवायला शिकवणार कोण, या प्रश्नांना त्या नावात जागा नव्हती.

शिक्षणातला कायद्याचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या दंडसंहितेतला खाजगी संरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. आशय बहुतांशी तोच. मदतीसाठी अधिकाऱ्यांकडे जाण्याइतकी सवड असेल तर हा हक्क नाही. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. साध्या चोरीसाठी जीव घेता येत नाही. म्हणजे ज्याच्या हाती बंदूक आहे त्याला ती न झाडण्याची जागा अधिक नेमकेपणाने माहीत असावी लागते. आमच्यात याबाबत एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्यापैकी एकाला वाटते की इतके सारे शिकलेला मनुष्य शेवटी बंदूक घेणारच नाही, आणि तेच उत्तम. दुसऱ्याला वाटते, हे शहरात राहणाऱ्याने म्हणावे. जिथून पोलिसठाणे दीड तासावर आहे तिथल्या माणसाला विचारून पाहावे. हा वाद आम्ही लेख लिहिताना मिटवला नाही.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. आजोबांनंतर परवाना त्यांच्या नावावर झाला होता, फाटलेल्या नळीच्या जागी दुसरी बंदूक आली होती. गेल्या वर्षी त्यांनी तो मुलाच्या नावावर करायचे ठरवले. मुलगा कागदपत्रे विचारायला गेला तर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागेल असे कळले. तो वैतागून घरी आला : वानरांना घाबरवायला आता परीक्षा द्यायची? काका काही बोलले नाहीत. ओटीवर बसून त्यांनी बंदूक मागवली, नळीत ठासणीचा गज सोडला आणि त्याला जवळ बोलावले. गजावर नळीच्या तोंडाशी एक आडवी खाच होती. नळी रिकामी असेल तर खाच बरोबर तोंडाशी येते. आत काही ठासलेले असेल तर ती तेवढी वर राहते. ही खाच त्यांनी इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात, उजव्या हाताने, जुन्या गजावर कानशीने पाडली होती, आणि नवी बंदूक आली तेव्हा नव्यावरही.